दंडाची पावती

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला जायचं असं मी ठरवते, आणि दरवर्षी जमतंच असं नाही. पण जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा उरणच्या बाजूची शेतं एकाच रूपात भेटली. हळवं भात पिवळं पडू लागलेलं, गरवं अजून पोटरीत. पाऊस जायच्या बेतात. मागे अक्कादेवीचा डोंगर धुऊन काढल्यासारखा हिरवा. १९३० च्या जंगल सत्याग्रहात इथे गोळीबारात गेलेल्या हुतात्म्यांना मानवंदना म्हणून पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडतात, झाडांवरचे कावळे एकदम उठतात, शाळेची पोरं कानांवर हात ठेवतात. मग नावं घेतली जातात. आठ नावं.

त्या आठांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी.

माझे वडील ते नाव ऐकलं की हात जोडायचे. मी लहान होते तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून गर्दीत उभी असायचे, म्हणून त्यांचे जोडलेले हात मला अगदी जवळून दिसायचे. आमचं घर शेतकऱ्याचं, पनवेल तालुक्यातल्या एका डोंगरपायथ्याच्या गावातलं. आमच्याकडे राबाला कवळ घेऊन कातकरी येत, गवत कापायला येत, लावणीला येत. त्यांच्यापैकी एकालाही वडिलांनी कधी ओसरीवर बसायला सांगितलं नव्हतं. हे दोन्ही एकाच माणसाचं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. वडील वाईट नव्हते. स्तंभावरचा नाग्या आणि मागच्या दाराने येणारी कातकरीण यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. माझ्याही आलं नव्हतं.

राब म्हणजे काय, हे आता आमच्याच भागातल्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. होळीच्या सुमारास शेतातला एक तुकडा रोपासाठी निवडायचा. त्याच्यावर शेणाचा थर पसरायचा. त्यावर कवळ, म्हणजे पाल्यासकट छाटलेल्या झाडाच्या फांद्या. आमच्याकडे ऐनाच्या असत. त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा पातळ थर. मग वारा पडलेला बघून पेटवायचं. माती वर असल्यामुळे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. संध्याकाळभर गावावर तो निळसर धूर आणि भाजलेल्या मातीचा वास. तण जळून जातं, किडीची अंडी जळतात, राख मातीत मिसळते, माती भुसभुशीत होते. मृगाच्या तोंडावर त्यात भात पेरलं की रोप असं तरारून वर येतं की बाजूच्या न भाजलेल्या जमिनीतलं रोप त्याच्यापुढे आजारी दिसावं. कोकणच्या धो धो पावसात तणाशी झुंजायला दुसरं काही साधन शेतकऱ्याकडे नव्हतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचं भात नाही, इतका तो सरळ हिशेब होता.

आणि राबाला कवळ लागतं, कवळाला जंगल लागतं.

कवळ तोडायचं हत्यार म्हणजे कोयता. कातकरी बायका आणि पुरुष दोघांच्याही कमरेला मागच्या बाजूने दोरीने बांधलेली लाकडी आकडी असे आणि तिच्यात तो कोयता अडकवलेला. चालताना तो पाठीमागे हलके हलके हलत राहायचा. आमच्याकडे येणारी एक आजी होती. ती पहाट फुटायच्या आधी यायची, तीही परड्यातून. डोक्यावरची मोळी उतरवायची, पाणी मागायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. मी एकदा तिला विचारलं होतं, आजी, तू सकाळी का येत नाहीस? ती म्हणाली, "चोरीची हायत ना, बाय."

मला वाटलं कुणाच्या तरी बागेतनं आणली. मी घरात येऊन विचारलं, कुणाची चोरी? आई म्हणाली, सरकारची.

त्या उत्तराच्या मागचा इतिहास मी पुढे खूप वर्षांनी वाचला, आणि वाचताना प्रत्येक वेळी त्या मोळीचा ओला, तुरट वास यायचा.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, हे आपण शाळेत मोठ्या कौतुकाने शिकतो. रुळांखाली स्लीपर लागतात आणि स्लीपरला झाडं लागतात, हे त्या धड्यात नव्हतं. शिवाय बोटींना साग हवा होता आणि वाढत्या मुंबईच्या लाखो चुलींना लाकूड आणि कोळसा. तो सगळा ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्ह्यांच्या डोंगरांतून जाणार होता. १८६४ मध्ये सरकारने वनखातं काढलं, १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला, तो पुरेसा कडक वाटला नाही म्हणून १८७८ मध्ये दुसरा केला. या दुसऱ्या कायद्याने जंगलाची वर्गवारी केली. त्यातलं जे राखीव, तिथे सरकारने स्पष्ट परवानगी दिली नसेल ते सगळं मना. पायवाटेने जाणं, गुरं नेणं, वाळकी काटकी उचलणं, मध काढणं, सगळं.

जंगल राखीव करायच्या आधी सरकार जाहीरनामा काढी. ज्यांचे कुणाचे तिथे हक्क असतील त्यांनी अधिकाऱ्यापुढे येऊन सांगावेत, मुदत किमान तीन महिने. न सांगितल्यास हक्क संपला. कायद्याच्या पुस्तकात हे न्याय्यच दिसतं. पण त्या जाहीरनाम्यासमोर मी एखाद्या कातकरी कुटुंबाला उभं करून बघते. वाचता येत नाही. वर्षातले कितीतरी महिने ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सांगायचं काय? आम्ही इथे कंद खणतो? आम्ही इथे श्वास घेतो? ज्याच्याखेरीज जगणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याला ‘हक्क’ म्हणून वेगळं काढून, चतुःसीमा सांगून, कुणा साहेबापुढे मांडायचं होतं. तीन महिने गेले आणि डोंगर सरकारचा झाला.

कातकरी हे नावच काथावरून आलेलं आहे. खैराचं झाड तोडायचं, त्याच्या आतला लालसर गाभा काढून त्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांतून उकळत ठेवायच्या, पाणी आटून दाट झालं की त्याच्या वड्या पाडून वाळवायच्या. हा काथ पानाच्या विड्यातून घराघरात पोचायचा. एका अख्ख्या जमातीचं नाव, धंदा, देवाणघेवाण, सगळं त्या एका झाडाभोवती. खैर राखीव झाला तशी ती मडकी थंड पडली. नाव मागे राहिलं. आज कातकरी वाड्यांतून हिंडताना मी अनेकांना विचारलं आहे, कुणी काथ करताना पाहिलाय का? म्हातारी माणसं म्हणतात, बापाकडून ऐकला.

मोहाचं तर आणखी पुढे गेलं. मोहाची फुलं उन्हाळ्यात झाडाखाली पडतात, गोळा करून वाळवली की पावसाळ्यातल्या भुकेला आधार. त्यांची दारूही गाळतात, आणि दारूवर सरकारला महसूल हवा होता. १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला आणि तो ठाणे व कुलाबा याच जिल्ह्यांत लावला. झाडाखाली आपोआप पडलेलं फूल घरात सापडलं म्हणून माणूस गुन्हेगार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. लाकडाचं एकवेळ समजू शकते, सरकारला ते विकायचं होतं. पण पडलेली फुलं?

राबावरही बंधनं आली. कुठली झाडं छाटायची, किती उंचीपर्यंत, कुठल्या मळ्यातली, सगळ्याला नियम. इथे मात्र फक्त आदिवासीच नव्हे, गावोगावचे भातशेतकरीही अडले. ठाण्या-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ज्यांच्याकडे अर्ज लिहिणारे होते, सभा भरवणारे होते, त्यांची गाऱ्हाणी त्या आयोगापर्यंत पोचली. कातकऱ्याला राबाच्या सवलतीने काय मिळणार होतं? त्याच्याकडे शेतच नव्हतं. त्याच्याकडे होती दळी, म्हणजे डोंगरउतारावर झुडपं तोडून, जाळून, त्यात नाचणी-वरी टाकायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा विश्रांतीला सोडून पुढे सरकायचं. वनखात्याच्या नजरेत हे जंगलाचं वाटोळं करणं होतं. म्हणून ती बंद, नाहीतर ठरावीक तुकड्यात, खात्याच्या मेहेरबानीने, वर्षावर्षाच्या बोलीवर. ‘एकसाली’ हा शब्द आमच्याकडे अजून आहे.

या सगळ्याच्या आधीही डोंगरांनी हत्यार उचललेलं होतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली, आणि अकोले-जुन्नरच्या सह्याद्रीत पिढ्यानपिढ्या किल्ले राखणाऱ्या महादेव कोळ्यांची कामं आणि हक्क गेले. वर सावकाराची कर्जं. राघोजी भांगरे त्यातूनच उभे राहिले. काही वर्षं त्यांनी कंपनी सरकारला डोंगर-दऱ्यांतून खेळवलं, आणि अखेर जानेवारी १८४८ मध्ये ते सापडले ते पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तिकडे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बाबुराव शेडमाके हे तरुण गोंड जमीनदार. १८५८ च्या वसंतात त्यांनी राजगड परगणा घेतला, इंग्रजांशी लढाया केल्या. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. वय पंचविशीचं. पूर्वेला संथाळांचा १८५५ चा हूल, मुंडांचा १८९९-१९०० चा उलगुलान, बस्तरचा १९१० चा भूमकाल. ही यादी मोठी आहे आणि प्रत्येक नावाला नमस्कार करावा अशीच आहे.

पण मला त्या यादीतून नेहमी काहीतरी निसटल्यासारखं वाटत आलंय. या लढायांच्या तारखा आपल्याकडे आहेत, कारण फाशी देणाऱ्यांनी त्या लिहून ठेवल्या. मग ज्यांनी बंदूक कधी हातात घेतली नाही, ज्यांची पलटण नव्हती, ज्यांच्यावर कुणी बक्षीस लावलं नाही, त्यांनी काय केलं? ते निमूट बसले का?

याचं उत्तर मला अनपेक्षित जागी मिळालं. इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याच्या वार्षिक अहवालांत एक तक्ता असायचा, वनगुन्ह्यांचा. बेकायदा तोड, बेकायदा चराई, आग लावून नुकसान, इतर. किती खटले, किती जणांना शिक्षा, किती जणांनी दंड भरून मिटवलं. कारकुनांनी सुबक अक्षरांत भरलेले ते रकाने. सरकारने ते आपल्या कारभाराची कडक शिस्त दाखवायला छापले होते. मला त्यांत पहाटेच्या अंधारात मागच्या दाराशी मोळी उतरवणारी आजी दिसली. एकदा तोडली, पकडलं, दंड. पुन्हा तोडली. मुलाने तोडली. नातीने तोडली. कायदा झाला म्हणून डोंगर आपला नाही, हे या माणसांनी एका दिवसासाठीही कबूल केलं नाही. त्यांनी घोषणा दिली नाही. ते सकाळी उठून जंगलात गेले, एवढंच. उठाव म्हणजे काय, याची माझी कल्पना त्या तक्त्यासमोर बदलली.

हे मनात ठेवून मी १९३० कडे बघते.

त्या वर्षी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं गेलं आणि किनारा पेटला. पण पावसाळ्यात मीठ पिकत नाही, आणि देशाचा मोठा भाग समुद्रापासून लांब. मग जंगल सत्याग्रह पुढे आला. १० जुलैला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्यानंतर महाराष्ट्र आणि मध्य प्रांतात ठिकठिकाणी लोक विळे-कोयते घेऊन राखीव हद्दीत शिरले. बैतूलकडे घोडाडोंगरीला गंजनसिंह कोरकूंच्या मागे गोंड आणि कोरकू उठले. शिवनी जिल्ह्यात तुरिया गावी ९ ऑक्टोबरला गवत कापायला आलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, त्यात तीन बाया आणि एक पुरुष गेले. तुरिया आज पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाचं प्रवेशद्वार म्हणून ओळखलं जातं. तिथून जिप्सीतून आत जाताना मला त्या तीन बायांची आठवण झाली होती, आणि पुढचा तासभर वाघ दिसतो की नाही याच्याकडे माझं लक्ष लागलं नाही.

चिरनेरला २५ सप्टेंबरचा तो दिवस गुरुवार होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं अक्कादेवीच्या माळाकडे निघाली. आगरी होते, कोळी होते, इतर जातींचे होते, आणि डोंगरालगतच्या वाड्यांतले कातकरी. हातात कोयते. झाडं तोडायची आणि पकडलं तर पकडू द्यायचं, असा सत्याग्रहाचा साधा रिवाज. पोलीस आलेले होते, मामलेदार केशव महादेव जोशी आलेले होते. पुढे तंटा वाढला, बंदुका झडल्या. गावकऱ्यांपैकी आठ जणांचे जीव गेले. धाकू गवत्या फोफेरकर, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, आनंदा माया पाटील, नाग्या महादू कातकरी आणि त्यांचे सोबती. मामलेदार जोशींचाही त्या दिवशी अंत झाला. नंतर गावागावांतून धरपकड झाली, मोठा खटला उभा राहिला, आणि आरोपींच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

या नावांकडे नीट पाहा. कोळी, न्हावी, पाटील, कातकरी. गावात ज्यांच्या वाटा वेगळ्या, पाणवठे वेगळे, ते त्या माळावर एकत्र आले होते. त्यांना एकत्र आणणारी वस्तू होती फाटी. चुलीतलं लाकूड.

तरीही मला वाटतं, त्या गर्दीत प्रत्येकजण सारख्याच अंतरावरून आलेला नव्हता. शेतकऱ्यासाठी राखीव जंगलात कोयता घेऊन शिरणं हे त्या दिवसाचं धाडस होतं. काँग्रेसने हाक दिली, तो निघाला, आणि कायदेभंग म्हणून त्याने पहिल्यांदाच उघड्यावर झाड तोडलं असेल. कातकरी तर कायदा रोजच मोडत होता. त्याच्या बापाने मोडला होता, आज्याने मोडला होता. त्या दिवशी वेगळं काय असेल तर इतकंच, की जे काम तो अंधारात लपतछपत करत आला होता ते करायला उजेडात सगळा गाव त्याच्या बाजूला उभा होता. आदल्या दिवशीपर्यंत ज्याला चोरी म्हणत होते, त्याला आज सत्याग्रह म्हणत होते. नाग्याला त्या सकाळी कसं वाटलं असेल? मी जेव्हा जेव्हा तिथे उभी राहते तेव्हा हाच एक विचार मनात घेऊन उभी असते. कमरेच्या आकडीतून कोयता काढायचा आणि आजूबाजूला बघायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

स्वातंत्र्य मिळालं. ज्या कायद्याविरुद्ध हे लोक मेले तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम मात्र तसाच राहिला, अजून आहे. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, ठेकेदारांना गेले. त्याच कुपांत कातकरी मजूर म्हणून झाडं तोडू लागले, कोळशाच्या भट्ट्या लावू लागले. पुढे विटांच्या भट्ट्या आल्या. गणपती आटोपले की भट्टीवाल्याची उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोराबाळांसह निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मधल्या काळात वाडीत फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. परत येतात तीही वाडी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. मालकाने जमीन विकली की आडनावातच झाडाचा धंदा असलेली ही माणसं घर उचलून पुढच्या कुणाच्या तरी बांधावर. आणि आमच्या भागात जमिनीचे भाव काय झालेत ते बंदर, रस्ते, विमानतळ बघणाऱ्याला सांगायला नको.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यानपिढ्या वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे शब्द खुद्द कायद्याच्या प्रस्तावनेत आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आहेत ती त्यांच्या नावावर करायची. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्यावर विकला, ती बातमी वाचून मी घरात पेढे वाटले होते. आमच्याकडचं चित्र इतकं सरळ नव्हतं. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. ग्रामसभा मोठ्या गावात भरते, वाडीची माणसं मागे उभी राहतात. दावे मागवायची मुदत किती होती माहीत आहे? तीन महिने. १८७८ च्या कायद्यातलाच तो आकडा पाहून मला काही क्षण पुढे वाचवेना.

मी तेव्हा नोकरीतून रजा काढून एका वाडीवर दावे भरायला मदत करत होते. अर्ज, नकाशा, जातीचा दाखला, आणि पुरावे, एकाहून अधिक. वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, जुन्या बांधांच्या खुणा चालतात, सरकारी कागद चालतो. पण ज्यांना सरकारने कधी कागद दिलाच नाही त्यांच्याकडे सरकारी कागद कुठून असणार? सातबाऱ्यावर नाव नाही. दळी तर कुणा एका नाईकाच्या नावावर किंवा नुसत्या तोंडी बोलीवर. एका कार्यालयातून आमचे काही दावे ‘पुराव्याअभावी’ असा शेरा मारून परत आले, तेव्हा वाडीच्या समाजमंदिराच्या पायरीवर आम्ही सगळे नुसते बसून राहिलो होतो.

तेव्हा एक म्हातारी उठली. घरात गेली आणि कौलाखालच्या आढ्याला टांगलेली एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात तिचं रेशनकार्ड होतं, मतदानाचं कार्ड होतं, आणि रबराने बांधलेली चिठोऱ्यांची एक गुंडाळी. काही पिवळी पडलेली, काहींना धुराचा थर, एकाला उंदराने कुरतडलेलं. ती माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "ह्या सासऱ्याच्या हायत, ह्या नवऱ्याच्या. बघ काय चालतात का."

दंडाच्या पावत्या होत्या. वनखात्याच्या. नाव, गाव, जंगलाचा नंबर, गुन्ह्याचा प्रकार, रक्कम, तारीख, खाली सही-शिक्का. राखीव वनात बेकायदा नांगरट. कवळतोड. पुन्हा नांगरट. पाच रुपये, अकरा रुपये. त्याच नंबरात, त्याच जागेवर, वर्षामागून वर्षं. तिचा सासरा आणि नवरा त्या जमिनीवर होते, कसत होते, हटवूनही हटले नव्हते, याची खुद्द सरकारने सहीनिशी दिलेली साक्ष.

माझे हात थरथरले हे मला आठवतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अहवालांतला तो तक्ता, त्याचं एक एक चिठोरं इथे कौलाखाली धुरात जपून ठेवलेलं होतं.

मग वाडीत शोधाशोध सुरू झाली. कुणाच्या पेटीत, कुणाच्या कणगीत, कुणाच्या देवाच्या फोटोच्या मागे. ज्यांच्याकडे पावत्या सापडल्या त्यांचे चेहरे उजळले. पण सगळ्यांकडे नव्हत्या. एकजण म्हणाला, आमच्याकडून दंड कधी कापलाच नाही, कोंबडा नेला आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या बापाने पाच दिवस कुणाच्या तरी शेतात फुकट राबून सुटका करून घेतली होती. त्यांनीही तितकीच वर्षं जमीन कसली होती, त्यांनीही तितकाच मार खाल्ला होता. फक्त त्यांच्या गुन्ह्याची नोंद झाली नव्हती. त्यातला एक अगदी शांतपणे मला विचारत होता, ताई, आता पावती फाडून मिळेल का? मी काय बोलणार होते.

दावे पुन्हा गेले. उपविभागीय समिती, जिल्हा समिती, मोजणी, हरकती. यात दोन पावसाळे गेले. म्हातारीने मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी क्षेत्र मंजूर झालं, पण झालं. नवरा हयात नव्हता, पट्टा तिच्या एकटीच्या नावावर आला. मी तो घेऊन वाडीवर गेले तेव्हा शेवळांचे दिवस होते. पहिल्या पावसाने जंगलात शेवळं उगवली होती आणि ती ओट्यावर बसून त्यांचे कोंब सोलत होती, शेजारी काकडांची हिरवी फळं. मला तिने ओट्यावर बसवलं, चहा केला. तिच्या घरचा चहा मी तोवर कितीदा प्यायले होते. माझ्या वडिलांच्या ओसरीवर ती एकदाही बसली नसती, हे त्या दिवशी चहा पिताना मला फार टोचलं.

पट्टा वाचून दाखवला. नाव वाचलं तेव्हा तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि आढ्याची ती पिशवी काढली. पट्ट्याची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली. पावत्यांची गुंडाळी बाजूला पडली होती. मी म्हटलं, आजी, आता ह्या नकोत, ह्यांचं काम झालं. पट्टा आलाय ना.

तिने गुंडाळी उचलली, रबर नीट बसवलं आणि पट्ट्याच्याच शेजारी ठेवली.

"ऱ्हाऊ दे बाय," ती म्हणाली. "उद्या ह्यो कागद नाय म्हणाले, तर परत ह्याच दाखवायच्या."